प्राध्यापिकेचं दुसरं नाव

न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात शेक्सपिअर शिकवणाऱ्या मेरी ब्लाय यांनी आपलं दुसरं नाव बरीच वर्षं सहकाऱ्यांपासून लपवून ठेवलं. ते नाव एलोइसा जेम्स. त्या नावानं लिहिलेल्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांवर हजारो वाचकांच्या उड्या पडत होत्या आणि विद्यापीठात कुणाला पत्ता नव्हता. नोकरीत कायम होईपर्यंत गप्प राहणंच शहाणपणाचं होतं. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला संशोधक म्हणून कोण मानणार? अखेर फेब्रुवारी 2005 मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून ही दोन्ही नावं आपलीच असल्याचं जाहीर केलं.

मेरी यांचा जन्म 1962 चा, बालपण मिनेसोटातलं. आई कॅरल ब्लाय कथालेखिका. वडील रॉबर्ट ब्लाय मोठे कवी. कबीर, मीरा आणि गालिब यांना त्यांनी इंग्रजीत नेलं, म्हणून आपल्याला ते थोडे घरचेच. हार्वर्ड, ऑक्सफर्ड आणि येल अशी शिक्षणाची चढती कमान झाली आणि डोक्यावर शैक्षणिक कर्जही झालं. ते फिटल्याशिवाय दुसरं मूल नको, असं प्राध्यापक नवऱ्याचं म्हणणं. मेरी यांनी कादंबरी लिहायला घेतली. ‘पोटेन्ट प्लेझर्स’ 1999 मध्ये आली आणि तिच्या पैशातून कर्ज फिटलं.

वर्ग आणि कादंबरी यांच्यातली भिंत त्यांच्या लेखनात मुळातच नव्हती. 2000 मध्ये ऑक्सफर्डनं त्यांचा संशोधनग्रंथ काढला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या व्हाइटफ्रायर्स नाट्यगृहात मुलगे स्त्रीपात्रं रंगवत. त्या नाटकांतल्या चावट श्लेषांचा हा अभ्यास. आता त्यांच्या चार एसेक्स बहिणींच्या मालिकेतली शीर्षकं पाहा: ‘मच अडू अबाउट यू’, ‘किस मी, अ‍ॅनाबेल’, ‘द टेमिंग ऑफ द ड्यूक’, ‘प्लेझर फॉर प्लेझर’. चारही शेक्सपिअरच्या घरातून उचललेली. प्रेमिकांनी एकमेकांवर शब्दांचे वार करत जवळ यायचं, ही युक्तीही तिथलीच.

पण खरी बहार आहे ती ‘डेस्परेट डचेसेस’ या मालिकेत. काळ 1780 नंतरचा, जॉर्जियन इंग्लंडचा. राजकारणात बुडालेल्या नवऱ्याला सोडून पॅरिसला गेलेली डचेस जेमा अनेक वर्षांनी परत येते. ती बुद्धिबळात कमालीची तरबेज. व्हिलियर्स नावाच्या ड्यूकशी तिचा सामना ठरतो आणि दुसऱ्या पटावर खुद्द नवऱ्याशी. नियम असा की दिवसाला एकच खेळी. बरोबरी झाली तर तिसरा डाव डोळे बांधून, पलंगावर! एक खेळी झाली की चोवीस तास थांबायचं. तेवढ्या वेळात गैरसमज होतात, अफवा पिकतात, मनं वळतात. शृंगारात उतावीळपणापेक्षा वाट पाहणं किती परिणामकारक असतं, हे इतक्या नेमक्या रचनेतून दाखवणारी दुसरी प्रेमकादंबरी माझ्या वाचनात नाही.

शिवाय हे सारं हवेतलं नाही. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोर त्याच सुमारास लंडनमध्ये पटाकडे न बघता डाव खेळून दाखवत होता आणि उच्चभ्रू मंडळी ते पाहायला गर्दी करत. मालिकेच्या पहिल्या भागात रोबर्टा ही नायिका आपल्या विक्षिप्त कवी वडिलांपायी चारचौघांत अवघडून जाते. त्या वडिलांच्या कवितांसाठी लेखिकेनं अठराव्या शतकातल्या क्रिस्टोफर स्मार्ट या कवीच्या ओळी वापरल्या. प्रसिद्ध कवीच्या लेकीनं हा बाप रंगवावा, यात वडिलांशी केलेली प्रेमळ झटापट दिसते.

पुढे आईचं कर्करोगानं निधन झालं आणि पाठोपाठ मेरी यांनाही स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. उपचारांनंतर 2009 मध्ये कुटुंब वर्षभरासाठी पॅरिसला गेलं. ‘पॅरिस इन लव्ह’ हे त्या वर्षाचं पुस्तक. 2021 मध्ये आलेल्या ‘लिझी अँड दांते’ या कादंबरीवर मात्र त्यांनी मेरी ब्लाय हेच नाव छापलं.

वाचायचं असेल तर ‘डेस्परेट डचेसेस’पासूनच सुरुवात करा आणि सहाही भाग क्रमानं वाचा. मधला एखादा गाळलात तर पटावरच्या खेळ्यांचा धागा सुटेल.