सुईऐवजी कापसाचा बोळा?

आपल्या सर्वांच्या कातडीवर स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा जंतू सुखाने नांदत असतो. साबणाच्या जाहिराती काहीही म्हणोत, एरवी तो निरुपद्रवी. शरीर त्याची दखलच घेत नाही, असा समज होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मायकेल फिशबाख व जेनेट बुस्बेन यांनी उंदरांच्या डोक्यावर हा जंतू कापसाच्या बोळ्याने नुसता चोळला. ना जखम, ना टोचणे. तरी सहा आठवड्यांत रक्तात त्याच्याविरुद्धची भरपूर प्रतिद्रव्ये तयार झाली. माणसांच्या रक्तातही ती सापडली. म्हणजे पहारेकरी झोपलेला नव्हता, भांडण नसतानाही तो तयारीत होता!

मग त्यांनी जंतूवर धनुर्वाताच्या विषाचा निरुपद्रवी तुकडा बसवला. असे जंतू चोळलेले उंदीर प्राणघातक मात्रेतूनही वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. आम्हा रसायनवाल्यांना त्या तुकड्याची जोडणीच फार आवडली.

पण हे झाले उंदरांचे. आपल्याला सुई चुकलेली नाही. मुलांच्या लसी शाळा मागते म्हणून आपण वेळेवर देतो. धनुर्वाताचा दर दहा वर्षांनी घ्यायचा स्वतःचा बूस्टर मात्र राहून जातो. सुट्टीत भारतात जाण्यापूर्वी आपले कार्ड जरूर पाहावे.