पुस्तक हाती देण्याचे शिक्षण

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून सातपुड्याच्या रांगांकडे निघाले की आंबागड लागते. गावाजवळच्या डोंगरावरचा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, 1700 च्या सुमारास, राजाखान पठाणाने बांधला. आजूबाजूला धानाची शेती आहे, याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी आहेत आणि महाशिवरात्रीला गायमुखची जत्रा भरते. अशा भागातल्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक मिळण्याच्या जागा दोनच: शाळेतले कपाट आणि आसपास कुठे चालत असलेच तर सार्वजनिक वाचनालय. दोन्ही ठिकाणी सारे एका माणसावर अवलंबून असते. त्या माणसाला कोण शिकवते आणि काय शिकवते, हा या लेखाचा विषय आहे.

शिक्षण हक्क कायद्याने (2009) प्रत्येक शाळेत ग्रंथालय बंधनकारक केले. त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे कायद्याची अनुसूची सांगते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपये ग्रंथालयासाठी ठरले. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नसते. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे यांच्या जोडीने ग्रंथालयाचा प्रभारही एखाद्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतो. म्हणजे पुस्तकांसाठी तरतूद आहे, मात्र ती मुलांपर्यंत नेणाऱ्या माणसाच्या तयारीसाठी जवळजवळ नाही.

आधी पुस्तके आणि माणसाची तयारी मागे, हा क्रम मराठी माणसाच्या हातून एकदा नेमका उलटा झाला होता. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेला मुलगा पुढे वाचत राहिला नाही, तर शिक्षणावरचा खर्च वाया जाईल, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले आणि न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अलन्सन बॉर्डन यांना त्यांनी 1910 मध्ये बडोद्यात बोलावले. पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, बॉर्डननी ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. भारतातला ग्रंथपालनाचा हा पहिला पद्धतशीर वर्ग. लाहोरला एसा डॉन डिकिन्सन यांचा वर्ग त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाला.

वर्गातून बाहेर पडणाऱ्या माणसांसाठी बडोद्यात कामाची पूर्ण साखळी तयार होत होती. मध्यवर्ती ग्रंथालयात महिला आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. गावात वाचनालय काढायचे तर खर्चाचा एक तृतीयांश गावाने जमवायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचा आणि उरलेला सरकारने. गावोगाव ही वाचनालये बहुधा शाळेतच असत आणि शिक्षकच ती सांभाळत. जिथे वाचनालय नव्हते तिथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. एका पेटीत साधारण 15 ते 30 पुस्तके असत आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. जे वाचू शकत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांचे दिवे, म्हणजे मॅजिक लँटर्न, होते. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. त्याचे संपादन जनार्दन सखाराम कुडाळकर करत. 1919 मध्ये या चळवळीची हकीकतही त्यांनीच ग्रंथरूपाने लिहिली. वर्ग संपल्यावर एकट्या पडणाऱ्या ग्रंथपालाला हे नियतकालिक व्यवसायबंधूंशी बांधून ठेवत असे. आज ज्याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणतात, त्याचीच ही सुरुवात होती.

बडोद्यानंतर महाराष्ट्रात कायद्याची वाट धरली गेली. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालय कायदा केला. देशातला असा तो पहिला. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाने 1939 मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि प्रांतापासून गावापर्यंत ग्रंथालयांची उतरंड सुचवून घेतली. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने ही योजना वैनगंगेच्या खोऱ्यासाठी नव्हतीच. भंडारा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले. या कायद्याने ग्रंथालये सरकारी केली नाहीत. गावातल्या संस्थेने वाचनालय चालवायचे, शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान द्यायचे, अशी ही रचना आहे. तिच्यामुळे राज्यात हजारो वाचनालये उभी राहिली आणि तग धरून आहेत. पण पगारही त्याच तुटपुंज्या अनुदानातून निघतो. त्यामुळे ड वर्गाच्या वाचनालयाचा ग्रंथपाल बहुतेक वेळा शेती, दुकान किंवा शिकवण्या सांभाळून हे काम करतो.

या माणसासाठी राज्यात जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र वर्ग चालतो आणि त्याची परीक्षा ग्रंथालय संचालनालय घेते. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत क्रमांक कसा द्यायचा, ड्यूई दशांश पद्धतीने वर्ग कसा लावायचा, तालिका कशी करायची, देवघेव कशी ठेवायची, वार्षिक मोजणी कशी करायची, हे सारे तिथे शिकवतात. पदवी नसलेल्या तरुणांना, विशेषतः गावातल्या मुलींना, या वर्गाने व्यवसायाचे दार उघडून दिले आहे. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. नोंदवही नीट नसेल तर ग्रंथालय टिकत नाही.

तरीही आठ वर्षांची मुलगी कपाटासमोर येऊन गप्प उभी राहते, तेव्हा तिच्याशी काय बोलायचे, याचे उत्तर दाखल नोंदवहीत सापडत नाही. त्यासाठी वेगळे शिक्षण लागते आणि आपल्याकडे तेच राहून गेले आहे.

त्या शिक्षणाला भीती घालवण्यापासून सुरुवात करावी लागते. शाळेतले कपाट कुलूपबंद राहते, ते आळसामुळे नव्हे. पुस्तक हरवले किंवा फाटले तर भरपाई आपल्या पगारातून जाईल, तपासणीत शेरा बसेल, ही धास्ती शिक्षकाला असते. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी आहेत असे सांगते, आणि वापरले की थोडे हरवणारच. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनीही हे मान्य केले आहे. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ती तूट वाजवी धरावी, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असे ते नियम सांगतात. राज्यातल्या शाळांना असाच दिलासा लेखी मिळाला आणि तो कार्यशाळेत पहिल्या तासाला वाचून दाखवला, तर कितीतरी कुलुपे त्याच आठवड्यात निघतील.

मुलांच्या ग्रंथपालनाचे शिक्षण कसे असावे, याचा चांगला नमुना शेजारी गोव्यात आहे. सुजाता नरोन्हा आणि इलेन मेंडोन्सा यांनी 2005 मध्ये ‘बुकवर्म’ हे ग्रंथालय सुरू केले. पुढे ते शाळांत आणि वस्त्यांत पुस्तके घेऊन जाऊ लागले आणि त्या अनुभवातून इतरांना शिकवू लागले. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने बुकवर्मसारख्या संस्थांना सोबत घेऊन ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी काही महिन्यांचा अभ्यासक्रम घडवला. शिकणारे थोडे दिवस एकत्र येतात, मग आपापल्या ग्रंथालयात परत जाऊन मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली वाचतात, लिहितात आणि मुलांबरोबर एक प्रकल्प पूर्ण करतात. दोन दिवसांची भाषणे ऐकून प्रमाणपत्र घेण्यापेक्षा हे पुष्कळ वेगळे आहे.

अशा प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्यावर जातो. निवडलेले पुस्तक ग्रंथपालाने आधी स्वतः दोनदा वाचायचे. कुठे थांबायचे, कोणते चित्र जरा जास्त वेळ दाखवायचे, हे ठरवायचे. मुलांना अर्धगोलात बसवायचे आणि पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचे. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न विचारायचा नाही. इंग्लंडचे शिक्षक आणि लेखक एडन चेंबर्स यांनी त्याऐवजी चार साधे प्रश्न दिले: काय आवडले, काय आवडले नाही, कशाचे कोडे पडले, आणि कशाशी जुळणारे काही दिसले? चाचणीतल्या प्रश्नासमोर गप्प राहणारे मूलही कोड्याच्या प्रश्नावर बोलू लागते, कारण कोडे पडणे ही चूक नसते.

दुसरा भाग निवडीचा. देणगीत आलेली जाडजूड चरित्रे आणि बारीक टायपातली बोधकथांची पुस्तके पहिली-दुसरीच्या मुलाला दूर लोटतात. नवा वाचक, अडखळत वाचणारा आणि सराईत वाचक यांना वेगवेगळी पुस्तके लागतात. कण्यावर रंगीत पट्ट्या लावून ती ओळखता येतात. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी पुस्तके दोरीवर टांगली, तर कण्यावरचे नाव वाचता न येणाऱ्या मुलालाही निवड करता येते. मराठीत निवडायला भरपूर आहे. परागच्या बिग लिटल बुक पुरस्काराचा 2016 मधला पहिला मान माधुरी पुरंदरे यांना मिळाला. त्यांची चित्रपुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर तर मराठी गोष्टी विनामूल्य उतरवून घेता येतात.

आंबागडच्या बाजूला तिसरा भाग अधिक मोलाचा ठरतो. इथल्या घरांत झाडीबोली, पोवारी, गोंडी बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी मुलाला अर्धी परकी वाटते. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये म्हटले होते की मुलांच्या पुस्तकांनी आरसाही व्हावे आणि खिडकीही. झाडीपट्टीच्या मुलाला खिडक्या मिळतात, आरसे फारसे मिळत नाहीत. ही उणीव भरण्याचे सामर्थ्य ग्रंथपालाच्या हाती असते. छापील गोष्ट वाचताना मध्येच बोलीतला शब्द घ्यायचा, आजीने सांगितलेली कथा मुलांकडून लिहून आणि चितारून घ्यायची, तिला शिवून दाखल नोंदवहीत क्रमांक द्यायचा. मुलाची बोली ग्रंथालयात अशी रीतसर दाखल होते. हे करायला शिकवणारी कार्यशाळा झाडीबोलीच्या प्रदेशातच व्हायला हवी, तिथल्याच लेखकांना आणि कलावंतांना बोलावून.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. प्रमाणपत्र वर्गात बालसाहित्य आणि प्रकट वाचनाची एक प्रात्यक्षिक परीक्षा घालता येईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि जिल्हा ग्रंथालय संघ यांनी मिळून प्रभारी शिक्षक आणि वाचनालयाचे ग्रंथपाल यांचे एकत्र वर्ग घ्यावेत, कारण दोघांचे वाचक तेच आहेत. केंद्रशाळेत दरमहा शिक्षण परिषद भरते. तिथे प्रत्येक वेळी एका शिक्षकाने एक पुस्तक वाचून दाखवावे आणि इतरांनी त्यावर बोलावे. एका वर्षात केंद्रातल्या प्रत्येकाला बाराएक पुस्तकांची ओळख होईल.

15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, राज्यभर वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी भेट देणाऱ्या अधिकाऱ्याने, सरपंचाने, पालकाने किती पुस्तके आहेत हे विचारू नये. देवघेव नोंदवही मागावी आणि गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली ते मोजावे. आकडा लहान असेल तर शिक्षकाला दोष देऊ नये. त्याला प्रशिक्षण कधी आणि कोणी दिले, एवढे विचारावे, आणि ते दिले नसेल तर मिळवून देण्याची जबाबदारी घ्यावी.