तमाशाच्या फडांतील पाठशाळा

मराठी रंगभूमीवर स्त्रिया केव्हां आल्या, असें विचारल्यास सुशिक्षित माणूस बहुधा १९३३ सालच्या ‘नाट्यमन्वंतर’चें व ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचें नांव घेईल. तमाशाच्या बोर्डावर पवळाबाई हिवरगांवकर पठ्ठे बापूरावांच्या जोडीनें त्यापूर्वीच उभ्या राहिल्या होत्या. परंतु तमाशास रंगभूमि म्हणण्याची पांढरपेशांची तयारी नसल्यामुळें त्यांची गणना होत नाहीं.

या परंपरेंतील विठाबाई नारायणगांवकर यांचा जन्म १९३५ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपूर येथें झाला. फड मूळचा आजोबा नारायण खुडे यांचा. वडील भाऊ व चुलते बापू यांनीं तो नांवारूपास आणला. विठाबाईंस ही विद्या घरांतील वडीलधाऱ्या पुरुषांकडून मिळाली. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांना मात्र ती आईकडून मिळाली.

ती कशी मिळते, हें पाहण्यासारखें आहे. तमाशांत गण, गौळण, बतावणी, लावणी व शेवटीं वग असा क्रम असतो. फडांतील मुलगी प्रथम गौळणींच्या रांगेंत मागें उभी राहते. पुढें कृष्ण, पेंद्या व मावशी यांची झटापट चाललेली असते, आणि ढोलकीचा तोडा कोठें संपतो, झीलकरी सूर कोठें उचलतात, हें तिच्या पायांस न सांगतां कळूं लागतें. चाळ बांधून ताल धरणें हें त्यांतल्या त्यांत सोपें. खरी परीक्षा बोलण्याची. वगाची कथा ठरलेली असली, तरी पुष्कळसे संवाद जागच्या जागीं रचावे लागतात. सोंगाड्यानें आज कालच्याहून निराळी कोटी केली, तर तिचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं. समोर अनुभवी बाई उभी असेल, तर ती अडलेल्या मुलीचें वाक्य स्वतः उचलते आणि प्रेक्षकांस पत्ताही लागत नाहीं.

विठाबाईंची एक हकीकत नेहमीं सांगितली जाते. दिवस भरलेले असतां त्या बोर्डावर होत्या. कळा सुरू होतांच त्या पडद्यामागें गेल्या, प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां प्रेक्षकांसमोर जाण्यास निघाल्या. ऐकणारे थक्क होतात, तें योग्यच आहे. परंतु फडांतील स्त्रीचें घर व कामाची जागा या दोहोंमध्यें एका पडद्याचेंच अंतर असतें, हेंही त्यावरून दिसतें. तेथें वाढणारें मूल पाळण्यांतच ढोलकी ऐकतें.

याच जिल्ह्यांतील मोडनिंबास निराळी शाखा आढळते, ती संगीत बारीची. येथें पार्टीची मालकीण स्त्रीच असते आणि विद्या आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे जाते. बैठकीच्या लावणींत नर्तकी जागची न हलतां एकच ओळ नजरेनें, भुंवईनें, बोटांनीं निरनिराळी करून दाखविते. ही अदा सांगून येत नाहीं. जवळ बसून पाहावी लागते. वाईच्या यमुनाबाई वाईकर अशाच आईजवळ शिकल्या व २०१२ सालीं पद्मश्री झाल्या.

विठाबाईंना १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव लाभला. तरी २००२ च्या जानेवारींत त्या वारल्या, तेव्हां रुग्णालयाचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागवावा लागला. पुढें राज्यसरकारनें त्यांच्या नांवानें जीवनगौरव पुरस्कार ठेविला आणि तो मंगलाबाईंसही मिळाला. मंगलाबाईंचा फड पुत्र नितीनकुमार यांच्या जोडनांवानें ओळखला जातो.

पुरस्कार व्यक्तीस मिळतो. विद्या मात्र हंगामावर टिकते. मोठे फड दसऱ्यास बाहेर पडतात. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं त्यांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पुढारी तेथें येऊन जत्रेची सुपारी देतात. २०२० सालीं गुढीपाडवा २५ मार्च रोजीं आला, आणि त्याच दिवशीं साथीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली. चैत्र-वैशाखांतील जत्रा रद्द झाल्या, पुढील वर्षींही तेंच झालें. २०२१ च्या मे महिन्यांत कांताबाई सातारकर याच साथींत वारल्या. फडांतील कित्येक माणसें मोलमजुरीस लागलीं. गौळणींच्या रांगेंतून पुढें येऊन ज्या मुलींनीं पहिलें वाक्य बोलावयाचें, त्यांना त्या दोन हंगामांत समोर उभी राहणारी अनुभवी बाई मिळाली नाहीं आणि बोर्डही मिळाला नाहीं.