पाहुणे पोहत आले

'द लव्ह बोट' ही अमेरिकन मालिका एबीसी वाहिनीवर 1977 ते 1986 या काळात शनिवारी रात्री लागायची. तिचे जुने भाग अलीकडे ओळीने पाहिले आणि पाहुण्या कलाकारांवरचं माझं लक्ष हळूहळू उडालं. पाहुणे काही लहानसहान नव्हते. जिंजर रॉजर्स येऊन गेली, जीन केली आला, मूकपटांच्या जमान्यातली लिलियन गिशही आली. 1980 मध्ये नवखा टॉम हँक्स दिसतो आणि 1985 मध्ये तर चित्रकार अँडी वॉरहॉल स्वतःच्याच भूमिकेत बोटीवर चढतो. पण ही मंडळी येणार, मिरवणार आणि पुढच्या बंदरात उतरून जाणार. रुसलेल्यांची समजूत घालणं, भांडणं मिटवणं आणि स्वतःची फजिती करून घेणं हे सगळं बोटीवरच्या नोकरमाणसांच्या वाट्याला. कॅप्टन स्टुबिंग, डॉक्टर, बारवाला आयझॅक, गोफर, ज्युली. हेच काम खऱ्या बोटीवर कोण करतं, ते पाहावंसं वाटलं. क्रूझचं तिकीट आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो.

मोरा हे उरणचं बंदर. लाँच घारापुरीच्या बाजूने, नांगरून पडलेल्या तेलवाहू जहाजांना वळसे घालत जाते. वास दोनच, डिझेलचा आणि सुकटीचा. तांडेल वर सुकाणूपाशी असतो, त्याच्याशी प्रवाशांचा संबंध येत नाही. संबंध येतो तो खलाशाशी. आमचा खलाशी पन्नाशीचा, गळ्यात पंचा, अनवाणी. किती वेळ लागेल म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक तास. एका तासात काय व्हायचं ते व्हतं."

त्या मालिकेचा भागही जाहिराती धरून एका तासाचाच असे. त्या तासात तीन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या असत. तिन्हींचे लेखक बहुधा वेगळे, आणि भागाचं शीर्षकसुद्धा तीन शीर्षकं जोडून केलेलं. साधारणपणे एक गोष्ट हलकंफुलकं प्रेम, एक डोळ्यांत पाणी आणणारी, आणि तिसरी निव्वळ विनोदी. ही तिसरी बहुतेक वेळा बोटीवरच्या माणसांची. पाहुण्यांना भाव मिळायचा आणि हसवण्याची मजुरी घरच्यांनी करायची. आपल्याकडे 2014 मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'त तरी वेगळं काय होतं? सिनेमाची जाहिरात करायला आलेले तारे सोफ्यावर बसून हसायचे. घाम गाळायचे भाऊ कदम, कुशल बद्रिके आणि मंडळी.

धक्क्यावर लाँच भरताना मी खलाशाकडे बघत उभा होतो. ओहोटी लागलेली, पायऱ्यांवर शेवाळ. कडेला बांधलेले टायर दगडावर घासून कुरकुरत होते. लाँच लाटेबरोबर वर यायची आणि हातभर खाली जायची. खलाशाचा एक पाय लाँचच्या काठावर, दुसरा पायरीवर. चढणाऱ्याच्या तोंडाकडे तो पाहतच नव्हता. नजर पाण्यावर. हाताने मात्र दंड घट्ट धरलेला. "थांबा, थांबा... हां, आता!" त्या 'आता'ला पाय उचलला की माणूस अलगद आत. कोणी घाई करून अर्धा क्षण आधी पाय टाकला तर दंडावरची पकड आवळायची आणि पाय हवेतच राहायचा. विनोदी नट ज्याला टायमिंग म्हणतात, ते मला त्या दंडावरच्या बोटांत दिसलं. मालिकेतल्या आयझॅकचं काम करणाऱ्या टेड लँजकडेही तेच होतं. दोन्ही हातांची बोटं समोरच्यावर रोखून तो असा काही हसायचा की पुढचा संवाद नसला तरी चालावं.

लाँच सुटली आणि जाकिटांवरून तंटा सुरू झाला. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून माणसं गेली, तेव्हापासून लाइफ जॅकेटचा आग्रह वाढला आहे. उरणला साखरपुड्याला निघालेले एक काका जॅकेट घालायला तयार होईनात. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. बायको सांगून दमली. खलाशी जाकीट घेऊन समोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाला काका. नायतर सोयरे बोलतील, पाहुणे पोहत आले."

अख्खी लाँच हसली. काकांनी जाकीट घातलं, वर बायकोकडून नाडीही बांधून घेतली. तोवर खलाशी पुढे गेलाही होता. एका कोळणीच्या टोपलीतलं पाणी कॉलेजच्या पोराच्या बॅगेवर ठिबकत होतं आणि दोघांची जुंपली होती. "मावशे, तुझं बोंबील बी कालेजात घातलंस काय?" एवढं म्हणत त्याने टोपली पायाने सरकवली. भांडण तिथेच संपलं. प्रेमकथाही होती: समोरासमोर बसून एकमेकांना ओळख न दाखवणारी एक जोडी. तिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही, मीही देत नाही.

तिसरी गोष्ट कोपऱ्यात होती. मांडीवर रुग्णालयाची पिवळी पडलेली फाईल घेतलेली एक म्हातारी, बरोबर मुलगा. खलाशी तिच्यापाशी दोनदा गेला. एकदा ऊन लागत होतं म्हणून ताडपत्री खाली ओढली, एकदा पाणी दिलं. एक शब्द बोलला नाही. काकांची खेचणारा हाच माणूस आहे हे पटू नये इतका गप्प. कुठे हसवायचं नाही हे त्याला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

या बाबतीत मला मालिका थिटी वाटते. तिच्यात हशाची ध्वनिफीत कुठेही वाजायची, रडवेल्या प्रसंगाच्या शेजारीसुद्धा. शिवाय बरंचसं चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, म्हणजे पायाखालची फळी कधी हलणारच नाही. असो. गोफर झालेला फ्रेड ग्रँडी पुढे आयोवातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला. लोकांना हसवणाऱ्याचं काम हलकं नसतं, हे तिथल्या मतदारांना आपल्या आधी कळलं म्हणायचं.

मोऱ्याला लागताना खलाशाने दोर फेकला. पहिल्याच फेकीत धक्क्यावरच्या माणसाच्या हातात. अटल सेतू आणि उरणची लोकल, दोन्हींचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला एकाच दिवशी झालं. त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला म्हणून विचारलं. "पॅसेंजर गेला ना तिकडं. पुलावरनं गाडी वीस मिनटांत पार व्हते, आमचा एक तास." मग म्हातारीकडे वळून, "आये, थांब जरा... हां, आता!"

पूल झाला, रेल्वे आली, तरी बंदरातला गाळ तसाच आहे. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागूच शकत नाही आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. गाळ वेळेवर निघाला आणि पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलं गेलं, तर खलाशाचा अर्धा भार हलका होईल. तोवर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोऱ्याला निघालात तर आधी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, आणि जाकीट सांगितल्याबरोबर घाला.