सवलतीतला ‘टू-इन-वन’ : घ्यावा की टाळावा?

दसरा-दिवाळीचा हंगाम असो वा स्वातंत्र्यदिनानिमित्तची ऑनलाइन विक्री, पडदा कीबोर्डपासून सुटा करून हाती घेता येणाऱ्या संगणकाची जाहिरात आता हमखास दिसते. छापील किमतीवर आडवी रेघ, शेजारी तीस-चाळीस टक्क्यांची सूट आणि ‘लॅपटॉपही, टॅब्लेटही’ असा दिलासा. घरात महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर एकाच खर्चात दोन वस्तू मिळाव्यात हा मोह स्वाभाविक आहे. मात्र अशा वस्तूची खरी किंमत दुकानाच्या पावतीवर पूर्णपणे दिसत नाही. ती पुढच्या चार-पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने कळत जाते. म्हणूनच सवलतीचा आकडा बाजूला ठेवून या संकरित यंत्राचा जमाखर्च मांडून पाहणे गरजेचे ठरते.

संकर कशाचा?

या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात कीबोर्ड पडद्याला कायमचा जोडलेला असतो. बिजागरीवर पडदा पूर्ण मागे वळवला की टॅब्लेट तयार होतो. लेनोव्होची ‘योगा’ मालिका २०१२ मध्ये आली आणि तिने हा प्रकार लोकप्रिय केला. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर, बॅटरी असे सगळे अवयव पडद्यामागे असतात आणि कीबोर्ड हे केवळ काढता-घालता येणारे झाकण असते. मायक्रोसॉफ्टचा ‘सरफेस प्रो’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण.

कल्पना तशी जुनी आहे. बिल गेट्स यांनी २००१ मध्येच लेखणीने चालणाऱ्या टॅब्लेट संगणकाचे प्रात्यक्षिक दाखवले होते आणि पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीची खास टॅब्लेट आवृत्ती बाजारात आली. ती यंत्रे जड आणि महाग असल्याने सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली नाहीत. २०१० मध्ये आयपॅड आला, २०१२ मध्ये बोटांच्या स्पर्शासाठी घडवलेले विंडोज ८ आले आणि मग या प्रकाराला खऱ्या अर्थाने बाजारपेठ लाभली.

सूट का मिळते?

विक्रेता तोट्यात माल विकत नाही, आणि विकत असेल तर त्यामागे कारण असते. बहुतेकदा ते कारण निरुपद्रवी असते : नवी पिढी आल्यामुळे जुना साठा संपवायचा असतो. कधी कधी मात्र सवलत हीच धोक्याची सूचना ठरते.

‘सरफेस आरटी’ची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ४९९ डॉलरला आलेल्या या टॅब्लेटची किंमत जुलै २०१३ मध्ये एकदम १५० डॉलरने उतरवण्यात आली, आणि पडून राहिलेल्या साठ्यापोटी मायक्रोसॉफ्टला सुमारे ९० कोटी डॉलरचा फटका आपल्या हिशेबात दाखवावा लागला. स्वस्तात मिळाला म्हणून ज्यांनी तो घेतला, त्यांच्या लवकरच लक्षात आले की दिसायला विंडोज असले, तरी नेहमीची विंडोज सॉफ्टवेअर त्यावर बसवताच येत नाहीत. यंत्रात दोष नव्हता. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली होती.

आपल्याकडेही २०१५ च्या सुमारास मायक्रोमॅक्सचा ‘कॅनव्हास लॅपटॅब’ १४,९९९ रुपयांना आला होता. दोन जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या अशा यंत्रांची एक लाटच त्या काळात होती. पण साठवणीचा बराचसा भाग विंडोजच व्यापत असल्याने पुढची मोठी अपडेट उतरवायला जागाच उरत नसे. इंटेलच्या काही जुन्या ‘अ‍ॅटम’ प्रोसेसरवरील यंत्रांना तर २०१७ नंतर विंडोज १० च्या नव्या आवृत्त्या मिळणेच बंद झाले.

जमेची बाजू

एवढ्यावरून हा प्रकारच टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. ‘सरफेस प्रो’ वर्गातील यंत्राचे वजन कीबोर्डविना पाऊण किलोच्या आसपास भरते. लोकलच्या गर्दीत खांद्यावर पिशवी सांभाळणाऱ्याला या हलकेपणाची किंमत वेगळी सांगायला नको. गणित, रसायनशास्त्र, वास्तुरचना यांसारख्या विषयांत समीकरणे आणि आकृत्या टंकलिखित करणे जिकिरीचे असते. तेथे पडद्यावर थेट लेखणीने लिहिता येणे ही मोठीच सोय आहे. पीडीएफवर खुणा करणारे शिक्षक व वकील, ग्राहकापुढे उभ्याने माहिती मांडणारे विक्री प्रतिनिधी, चित्रकार यांनाही तिचा खरा उपयोग होतो. वरच्या श्रेणीच्या यंत्रांचे पडदेही उत्तम असतात. अशा यंत्रावर मिळणारी सूट ही खरोखरची बचत असू शकते.

नाकापेक्षा मोती जड

पहिली मेख जोडसाहित्याची. जाहिरातीतील छायाचित्रात कीबोर्ड आणि लेखणी दिसत असली, तरी ‘सरफेस प्रो’सारख्या यंत्रांत ती अनेकदा वेगळी विकत घ्यावी लागतात. शिवाय पोर्ट मोजकेच; म्हणजे पेन ड्राइव्ह, प्रोजेक्टर यांसाठी आणखी एक जोडणी आली.

एक काल्पनिक हिशेब करू. साठ हजारांचे यंत्र छत्तीस हजारांना मिळाले. कीबोर्डचे नऊ हजार, लेखणीचे पाच हजार आणि जोडणीचे दोन हजार धरले, तर खर्च बावन्न हजारांवर जातो. या यंत्राला सुरक्षा अपडेट आणखी दोनच वर्षे मिळणार असतील, तर दरवर्षीचा खर्च सव्वीस हजार रुपये झाला. याउलट अठ्ठेचाळीस हजारांचा साधा लॅपटॉप पाच वर्षे टिकला, तर वर्षाला नऊ हजार सहाशे रुपये पडतात. सवलतीचा आकडा कितीही मोठा असो, या भागाकारापुढे तो फिका पडतो.

दुसरी अडचण बसण्याच्या सवयीची. पडद्यामागच्या टेकूला आधारासाठी सपाट आणि पुरेशी खोल जागा लागते. टेबलावर यंत्र छान उभे राहते. मांडीवर, बसमध्ये किंवा वर्गातल्या अरुंद बाकावर ते डळमळते. रोज तास-दोन तास टंकलेखन करणाऱ्याने हे स्वतः करून पाहावे. अन्यथा ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत व्हायची.

आयुष्याची दोरी कोणाच्या हाती?

आजच्या यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांपेक्षा सॉफ्टवेअरच्या मुदतीवर अधिक अवलंबून असते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आणताना मायक्रोसॉफ्टने तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर केली. विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते.

याचा अर्थ काय, ते पाहा. २०१७ चा सरफेस प्रो आणि २०१८ चा सरफेस प्रो ६ दिसायला जवळजवळ सारखे. पहिल्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणून तो विंडोज ११ साठी अपात्र. दुसऱ्यात आठव्या पिढीचा, म्हणून पात्र. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन बाजारात कार्यालयांतून बाहेर पडलेली जुनी यंत्रे घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवलाच पाहिजे. ज्या यंत्राला सुरक्षा अपडेट मिळत नाही, त्यावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कडी न लावता घर सोडून जाण्यासारखे आहे.

क्रोमबुक प्रकारच्या यंत्रांनाही अशी अखेरची तारीख असते. ती आपण खरेदी केलेल्या दिवसापासून मोजली जात नाही, हे विशेष. यंत्र दोन वर्षे गोदामात पडून राहिले असेल, तर त्याच्या आयुष्यातली तेवढी वर्षे आपल्या हाती येण्यापूर्वीच खर्ची पडलेली असतात.

एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या नव्या विंडोज यंत्रांची बाब निराळी. ‘आरटी’च्या तुलनेत ती कितीतरी समर्थ आहेत; नेहमीची बरीच सॉफ्टवेअर अनुवादाच्या साहाय्याने त्यांवर चालतात. ड्रायव्हर मात्र खास एआरएमसाठी लिहिलेलेच लागतात. जुना प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा डोंगलवर चालणारे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आधी खातरजमा करावी.

बिघडले तर?

साध्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम वाढवता येते, बॅटरी बदलता येते. सुट्या पडद्याच्या यंत्रात रॅम मदरबोर्डवरच पक्की केलेली असते आणि बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठी कित्येकदा चिकटवलेला पडदाच उचकटावा लागतो. दुरुस्तीच्या सोयीनुसार गुण देणाऱ्या ‘आयफिक्सइट’ या संस्थेने २०१७ च्या सरफेस प्रोला दहापैकी अवघा एक गुण दिला होता. पुढे परिस्थिती सुधारली. २०२१ च्या सरफेस प्रो ७ प्लसपासून एसएसडी काढता येऊ लागली आणि २०२४ च्या सरफेस प्रोने दहापैकी आठ गुणांपर्यंत मजल मारली. परंतु मोठ्या सवलतीत मिळणारी यंत्रे बहुधा जुन्या पिढीचीच असतात. लिथियम बॅटरी न वापरताही हळूहळू क्षीण होते आणि फुगली तर पडद्यालाही धक्का पोहोचवते, हेही विसरू नये.

पैसे मोजण्यापूर्वी

मॉडेलचे केवळ नाव नव्हे, तर पूर्ण क्रमांक आणि प्रोसेसरची पिढी तपासावी. वेष्टनावर निर्मितीचा किंवा आयातीचा महिना व वर्ष छापलेले असते, ते पाहावे. रॅम नंतर वाढवता येणार नसल्याने आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये, आणि दीर्घकाळ वापरायचे असेल तर सोळा जीबी बरी. १२८ जीबीहून कमी साठवण असलेले यंत्र टाळलेलेच बरे. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल, तर केवळ मायक्रोसॉफ्टच्या दुकानातील सॉफ्टवेअर चालतात; तो विनामूल्य काढता येतो, मात्र पुन्हा लावता येत नाही. हमी नेमकी कोणाची, उत्पादकाची की विक्रेत्याची, आणि सेवा केंद्र आपल्या शहरात आहे का, हे विचारून घ्यावे. पावती जपून ठेवावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

सवलतीची मोहिनी दूर सारून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आठवड्यातून किती वेळा हा पडदा कीबोर्डपासून सुटा होणार आहे? उत्तर ‘रोज’ असेल, लेखणी हे कामाचे साधन असेल आणि सुरक्षा अपडेटची किमान चार वर्षे शिल्लक असतील, तर सवलतीतला टू-इन-वन अवश्य घ्यावा. उत्तर ‘कधीतरी चित्रपट पाहताना’ असे असेल, तर त्याच पैशांत मिळणारा साधा, दणकट लॅपटॉप आपल्या मुलामुलींना पदवी हाती पडेपर्यंत अधिक निष्ठेने साथ देईल.