गालील सरोवरातील वादळ आणि शिष्यांचे भय

सामान्य काळातील बाराव्या रविवारी, 'ब' वर्षी, मार्कलिखित शुभवर्तमानातील वादळाचा उतारा (४:३५-४१) वाचला जातो. त्यावर बोलताना शिष्यांच्या भित्रेपणावर सहज बोट ठेवले जाते. परंतु पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे व्यवसायाने मच्छीमार होते. ते का घाबरले, हे समजण्यासाठी आधी पाणी व वारा समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

गालील सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद असून समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या कुशीत आहे. उंचावरील थंड, जड हवा दऱ्यांतून खाली कोसळते आणि शांत पाणी थोड्याच वेळात खवळते. सरोवर लहान, म्हणून लाटांना लांब पल्ला मिळत नाही. त्या आखूड व उभ्या उठतात. वसई-उत्तनच्या कोळीबांधवांना हे सांगणे नको. लांब उसळीवर होडी चढते-उतरते. उभ्या लाटांत मात्र नाळ वर येते न येते तोच पुढची लाट आत शिरते.

१९८६ साली दुष्काळाने पाणी ओसरले असता गिनोसार येथील दोघा भावांना त्या काळातील एक होडी चिखलात सापडली. लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी २.३ मीटर. ती प्रभूचीच होती असे म्हणण्यास आधार नाही. पण शिष्यांचा मचवा साधारण असाच असणार.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील दाब चौपट होतो. म्हणून जाणता नाखवा वारा चढण्याआधीच शीड उतरवतो, नाळ लाटेकडे किंचित तिरकी धरतो आणि वल्ह्यांनी होडी चालती ठेवतो. चाल थांबली की सुकाणू लागत नाही, होडी लाटेला आडवी होते. वारा पाठीवर घेऊन पळणे सोपे वाटते. परंतु मागून आलेली लाट वरामा उचलून होडीचे तोंड फिरवते. प्रभू निजले होते ते वराम्याकडेच. त्यांना हलवणारा पहिला हात सुकाणूवाल्याचा असावा, अशी आमची आपली कल्पना.

मार्क सांगतो की मचवा पाण्याने भरू लागला होता. खरे संकट येथे आहे. आत आलेले पाणी होडी ज्या बाजूस कलते त्याच बाजूस धावते आणि कल वाढवते. होडी जड होऊन खाली बसते, काठ लाटेच्या जवळ येतो, उपसणारे हात अपुरे पडतात. 'आपण बुडत आहोत' हा जाणकारांनी केलेला हिशेब होता. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' वादळात ज्या कोकणी घरांतील माणसे समुद्रावरून परतली नाहीत, तेथे हा उतारा ऐकताना भित्रेपणाची भाषा कोणी करणार नाही.

याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात हेच शिष्य रात्रीच्या चौथ्या प्रहरापर्यंत समोरच्या वाऱ्याशी झुंजत वल्ही मारतात. त्या वेळी मचव्यात पाणी शिरल्याचा उल्लेख नाही. ते थकले होते, पण वाऱ्याला भ्याले असे मार्क म्हणत नाही. ते ओरडले ते पाण्यावरून चालत येणारी आकृती पाहून.