थर्मोस्टॅट निवडताना
अमेरिकेतल्या थंड राज्यात नवा संसार थाटणाऱ्या मराठी कुटुंबाला हिवाळ्याचं पहिलं बिल दचकवतं. घर तापवणं हा तिथला ऊर्जेचा सर्वांत मोठा खर्च. ठरल्या वेळी तापमान आपोआप बदलणारा थर्मोस्टॅट तो कमी करतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते रोज 8 तास तापमान 7 ते 10 अंश फॅरनहाइटने उतरवलं, तर वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत बचत होते. गार घर पुन्हा तापवायला जास्तच इंधन लागतं, हा समज चुकीचा आहे. घर गार असताना बाहेर उष्णता कमी निसटते, तेवढं इंधन वाचतंच.

मात्र आधी घरातली यंत्रणा ओळखा. हीट पंप असेल तर खास त्याच्यासाठी बनवलेलाच थर्मोस्टॅट घ्या. नाहीतर सकाळी तापमान एकदम चढवताना विजेचा पूरक हीटर सुरू होतो आणि बचत खाऊन टाकतो. भिंतीलगतचे 240 व्होल्टचे हीटर असतील, तर नेहमीचा 24 व्होल्टचा थर्मोस्टॅट त्यांना जोडूच नका. वायफायवाल्या बहुतेक मॉडेलना 'सी' वायर, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज पुरवणारी तार, लागते. जुन्या घरात ती नसू शकते.

कामाच्या वेळा रोज बदलत असतील, तर सातही दिवसांचं वेगळं वेळापत्रक देणारं मॉडेल बरं. आणि आजीआजोबा दिवसभर घरी असतील तर तापमान फक्त रात्री, पांघरुणात शिरल्यावर, थोडंसं उतरवा.